पावसाळ्यात लेख सादळतो

मी लिहून पोट भरतो असं कोल्हापुरात कुणाला सांगितलं, की समोरचा आधी माझ्या पोटाकडं बघतो. पोट बऱ्यापैकी आहे, त्यामुळं पुरावा मिळतो. मग तो विचारतो, "म्हंजे पेपरात हाय काय?" नाही म्हटलं की "मग कालेजात?" तेही नाही म्हटलं, की जरा थांबून, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणतो, "घरचं बरं असंल."

घरचं बरं नाही. घर आहे, वर गच्ची आहे, बायको शाळेत शिकवते, आणि मी लिहितो. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीची माहितीपुस्तिका लिहितो, पतसंस्थेच्या अहवालातलं अध्यक्षांचं मनोगत लिहितो (अध्यक्षांना ते सभेत वाचतानाच पहिल्यांदा कळतं), साठी-पंचाहत्तरीचे गौरव अंक लिहितो. चपलांच्या दुकानाच्या वेबसाइटवर कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचं लिहितो, आणि ते महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांनाही मिळालंय हे मालक खोडायला सांगतो. निवडणुकीत उमेदवारांचे कार्यअहवाल लिहितो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कल्पक लेखन हेच.

हे सगळं बिनबोभाट चाललं होतं. मग माझा मेहुणा सुट्टीवर आला. तो पुण्यात एमबीए होऊन तिथंच नोकरीला आहे. पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी ओठाला लावता लावता त्यानं विचारलं, "दाजी, तुमचा बिझनेस प्लॅन काय हाय?"

मी म्हणालो, "कशाचा?"

"तुमच्या धंद्याचा."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "इतकी वर्षं मी ह्येच इचारतोय."

रात्रीपर्यंत मेहुण्यानं मला एक एक्सेलची फाइल पाठवली. खाली रांगेनं रंगीत कप्पे. पहिल्या कप्प्यात एकच प्रश्न होता : आपल्या व्यवसायाचं ध्येयवाक्य एका वाक्यात लिहा.

आता ध्येयवाक्य म्हणजे माझा हातखंडा. फौंड्रीला मीच दिलंय : 'गुणवत्ता, विश्वास आणि ग्राहकाभिमुख सेवा.' पतसंस्थेला दिलं ते 'विश्वास, गुणवत्ता आणि ग्राहकाभिमुख सेवा.' चपलांच्या दुकानाला क्रम पुन्हा बदलून दिलं. लोक ती फ्रेम करून काउंटरमागं लावतात, उदबत्ती दाखवतात. पण स्वतःसाठी तेच वाक्य लिहायला घेतलं तेव्हा हात चालेना. हलवायानं स्वतःची बर्फी का खाऊ नये हे त्या रात्री कळलं. शेवटी मी लिहिलं, 'मागतील ते लिहून देणे आणि पैसे घेणे.' मेहुणा म्हणाला, "दाजी, ह्यात व्हिजन नाही." मी म्हणालो, "अर्धं तर अजून मिशनच आहे. लिहून देणं जमतंय, पुढचं बघतोय."

पाच वर्षांनी स्वतःला कुठं पाहता, या प्रश्नाचं उत्तर मी प्रामाणिकपणे 'इथंच' असं दिलं. बायकोनं त्यात 'पण पंख्याखाली नव्हे, एसीत' अशी भर घातली. तेवढ्यावर तो कप्पा संपला.

बाजारपेठेचा कप्पा मात्र कठीण निघाला. तुमचा ग्राहक कोण, तो कुठं आहे, त्याची गरज कोणती? मी मेहुण्याला सांगितलं, की बाबा, कोल्हापुरात ग्राहक पावलापावलाला आहे. सहकारी संस्था आहेत, साखर कारखाने आहेत, गुजरीत सराफ आहेत, हुपरीत चांदीवाले आहेत, गोकुळ शिरगावला कारखाने आहेत. फक्त गरज कुणालाच नाही. मराठी प्रत्येकाला येतं, मग ते लिहायला पैसे कशाचे, हा इथला बाजारभाव. फौंड्रीवाला मोटारीचा सुटा भाग ओतायला माझ्याकडं येत नाही, कारण त्याला माहीत आहे की मला ते येत नाही. मला जे येतं ते त्यालाही येतं अशी त्याची समजूत आहे.

"मग मोठी कामं धरा," मेहुणा म्हणाला. "सिनेमा, सीरियल. कोल्हापूर म्हंजे कलापूर."

मी त्याला इतिहास सांगितला. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथं काढली, प्रभात १९२९ साली इथंच सुरू झाली, आणि १९३३ साली उठून पुण्याला गेली. म्हणजे लेखकाचं काम पुण्याला जाण्याची प्रथा तेव्हापासूनची आहे. मेहुणा स्वतःच पुण्याला गेलेला असल्यामुळं यावर त्याला बोलता येईना. त्यानं गुपचूप 'हंगामी चढउतार' असा कप्पा उघडला.

तो मात्र मी भराभरा भरला. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळं जूनपासून अहवालांचा सुकाळ. पण जुलै-ऑगस्टात पंचगंगा वाढते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ झालं की धोका, आणि त्या दिवसांत अख्खं गाव तासातासाला फुटाचा आकडा बघत असतं. अशा वेळी 'साहेब, मनोगताचं तेवढं वाचलं काय?' असा फोन कोण करणार? पाणी उतरलं की गणपती. गणपती गेले की सगळ्या संस्था एकदम जाग्या होतात आणि प्रत्येकाला अहवाल परवा पाहिजे असतो. मग दिवाळी, मग गळीत हंगाम, मग लग्नसराई. मार्चमध्ये कुणीच भेटत नाही, आणि एप्रिलमध्ये सगळे म्हणतात, "मार्चमध्ये यायचं नाही काय?"

स्पर्धकांविषयी मेहुण्याला वाटलं होतं की मी चार-दोन लेखकांची नावं सांगेन. लेखकांची मला काय भीती! तेही माझ्यासारखेच कुठंतरी बिलाची वाट बघत बसलेले असतात. माझा खरा स्पर्धक म्हणजे फ्लेक्सवाला. त्याच्या दुकानात मजकूर तयार असतो, 'भावी', 'दिलदार', 'आधारस्तंभ', 'किंगमेकर', फक्त फोटो बदलायचा. दुसरा स्पर्धक छापखाना. तिथं भिंतीवर पाटीच आहे : 'पत्रिकेचा मजकूर आमच्याकडे मोफत मिळेल.' मी ज्याचे पैसे मागतो ते शेजारच्या गल्लीत मोफत मिळतं, हे एक्सेलमध्ये कसं मांडायचं ते मेहुण्यालाही माहीत नव्हतं.

आणि तिसरा स्पर्धक २०२२ च्या नोव्हेंबरात आला. चॅटजीपीटी. फौंड्रीच्या मालकांनी मला बोलावून घेतलं, चहा सांगितला आणि फोन पुढं केला. "बघा, अर्ध्या मिनिटात आलं. तुम्ही पंधरा दिवस घेतला." मी वाचलं. मजकूर सफाईदार होता. त्यात त्यांच्या फौंड्रीचं वर्णन 'कोल्हापूरच्या रम्य सागरकिनाऱ्यावर वसलेली' असं होतं. मी ते दाखवल्यावर मालक जरा विचारात पडले आणि म्हणाले, "हां, मग तेवढं जरा बघून द्या. लिहिलेलं हायच, तर निम्म्या पैशात करा." म्हणजे यंत्रानं समुद्र आणायचा आणि मी निम्म्या दरात तो उपसायचा.

शक्तिस्थानं आणि उणिवांचा कप्पा घरच्यांनीच भरला, मला बोलावंही लागलं नाही. आईनं शक्तिस्थान सांगितलं, "गप बसून असतो. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई." उणिवा बायको सांगत गेली आणि मेहुणा टाइप करत गेला. एक्सेलची ती चौकट खाली खाली वाढत जाऊन पडद्याबाहेर गेली.

पैशाचा कप्पा आला तेव्हा मेहुण्यानं बाह्या सरसावल्या. "महिन्याला किती पाहिजेत?" मी भीत भीत ४०,००० म्हणालो. "शब्दाला काय घेता?" म्हटलं, समजा एक रुपया. त्यानं बोटं चालवली. "४०,००० शब्द महिन्याला. रविवार सोडून २६ दिवस धरले तर रोजचे दीड हजार. दाजी, एवढं तर तुम्ही घरच्या ग्रुपवर भांडताना लिहिता!"

हिशेब बरोबर होता. पण ग्रुपवर भांडताना समोरचा 'जरा टच द्या' म्हणत नाही. माझ्या धंद्यातला निम्मा वेळ लिहिण्यात जातच नाही. तो फोनवर जातो, 'या की एकदा, बसून बोलू' याच्यात जातो, कोटेशन पाठवण्यात जातो आणि उरलेला पैसे मागण्यात. म्हणजे जे लिहितो त्याच्या दरातच न लिहिलेल्या वेळाचं भाडं बसवावं लागतं. शिवाय शब्दावर दर ही भानगडच उलटी आहे. दोन हजार शब्दांचा गौरव अंकातला लेख मी एका बैठकीत लिहितो, कारण सत्कारमूर्ती कोणीही असले तरी बालपण खडतरच असतं. पण पाच शब्दांची टॅगलाइन लिहायला आठवडा जातो. शब्दाच्या दरानं त्याचे पाच रुपये होतात. त्यामुळं मी कामावर दर लावतो, आणि ग्राहक ते ऐकून घेऊन शब्द मोजतोच. एका दुकानदारानं तर सांगितलं, "त्यात 'आणि' लई वेळा आलाय. ते वजा करा."

दुरुस्त्यांचं कलम मेहुण्यानं फार विचार करून घातलं : दोन दुरुस्त्या दरात समाविष्ट, तिसरीपासून वेगळे पैसे. मी ते पुढच्याच ग्राहकाला वाचून दाखवलं. त्यानं मान डोलावली. मजकूर पाठवल्यावर म्हणाला, "जरा कोल्हापुरी टच द्या." दिला. "आता जरा स्टँडर्ड करा, मुंबईचे पाव्हणे येणार हाईत." केला. मग त्यानं तिसऱ्यांदा पाठवला तेव्हा मी कलम काढलं. तो दुखावला. "दुरुस्ती कुठाय ओ? म्या कधी चूक काढली तुमची? नुस्तं बदलायला सांगितलंय."

खर्चाच्या बाजूला फारसं काही नव्हतं. वीज, इंटरनेट, लॅपटॉपचा घसारा. एक रक्कम मात्र मी आनंदानं लिहिली : व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये. मला लेखक म्हणून कुणी मानो न मानो, महाराष्ट्र शासन दरवर्षी न चुकता मानतं. जीएसटीचा कप्पा रिकामा सोडावा असं माझं मत होतं, कारण सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्याशिवाय नोंदणी लागत नाही. मेहुण्यानं आलेख असा वर चढवला होता, की चौथ्या वर्षी मी ती रेषा ओलांडत होतो. हे आईनं ऐकलं. संध्याकाळी गल्लीत बातमी होती, "आमच्या पोराला जीएसटी लागणार हाय." शेजारच्या काकींनी आधी कुठल्या डॉक्टरला दाखवलं ते विचारलं, आणि खरा अर्थ कळल्यावर हातउसने पैसे.

या सगळ्या आराखड्याला पहिला धक्का दिला तो माझ्या मामांनी. मामा शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत करतात. सौद्यात गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, नुसती नजर टाकून कुठल्या गावचा गूळ ते सांगतात. मेहुण्यानं त्यांना लॅपटॉपवर पाच वर्षांचे आलेख दाखवले. मामांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "विक्री ऱ्हाऊ दे. येणं किती हाय?"

तो कप्पाच फाइलमध्ये नव्हता. म्हणजे असेल कुठंतरी, पण रंगीत नव्हता. मामांनी लाल खतावणीतलं एक कोरं पान माझ्यापुढं सरकवलं. "लिही. कुणाकडनं, किती, कवापास्नं."

मी लिहायला बसलो. पतसंस्थेचा अहवाल : अध्यक्ष बाहेरगावी आहेत. दुसऱ्या पतसंस्थेचा अहवाल : अध्यक्ष बदलले, नवीन अध्यक्षांना जुन्यांनी खर्च केलेला एक पैसाही मान्य नाही. एका उमेदवाराचा कार्यअहवाल : पडला, त्यामुळं देत नाही. त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या उमेदवाराचा कार्यअहवाल : निवडून आला, त्यामुळं भेटत नाही. गौरव अंक : सत्कारमूर्ती अंक निघाल्यावर महिन्याभरात वारले, आणि मुलगा म्हणतो, "आबा तुम्हाला द्या म्हणून काय बोलले न्हवते." चपलांचं दुकान : पैशाऐवजी माल घ्या म्हणतात. घरी सध्या इतके जोड आहेत की पाहुण्यांना जाताना वाटतो.

पान भरलं. मेहुणा गप्प झाला होता. मग त्याला कायदा आठवला. "दाजी, तुम्ही उद्यम नोंदणी करा. फुकट हाय, आधारवर होते. मग छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानं तुमचं बिल समोरच्याला ४५ दिवसांत द्यावंच लागतं. करार नसंल तर १५ दिवसांत. न्हाई दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज. चक्रवाढ!"

मामांनी तंबाखू मळणं थांबवलं. "उसाचं बिल किती दिवसात द्यायचं, ठावं हाय?"

"चौदा," मी म्हणालो. हे कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असतं.

"१९६६ चा हुकूम हाय त्यो. उशीर झाला तर १५ टक्के याज. तरी पर दरसाल पोरं रस्त्यावर उतरत्यात, जयसिंगपूरला परिषद भरती, गाड्या अडवत्यात, तवा कुठं हालचाल हुती. त्यांच्या हातात ऊस हाय बाबा. ऊस अडला तर कारखाना अडतो. उद्या तुम्ही धा लेखकांनी शिरोलीच्या पुलावर बसून हायवे अडवला, तर अडणार कुणाचं काय? लोकं म्हणतील, बसू देत, निवांत हाईत."

मग मामांनी जो सल्ला दिला तो मेहुण्याच्या पूर्ण फाइलमध्ये नव्हता. "पैली उचल ठरल्याबिगार कोयता लावू नगंस. निम्मं आधी. मग लिही, न्हाईतर बस गप."

त्या संध्याकाळी मामा मला गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन गेले. म्हशी उभ्या होत्या, गिऱ्हाइकं ग्लास घेऊन उभी होती. समोर धार काढली, फेसाळलेला ग्लास हातात दिला, पैसे घेतले, पुढचा. मामा मिशी पुसत म्हणाले, "बघितलंस? माल आटवायचा न्हाई, साठवायचा न्हाई, उधार न्हाई. आनि पिल्यावर कोण म्हनत न्हाई, जरा बदलून द्या." माझ्या धंद्याचा याहून स्वच्छ आराखडा मला कुणी दाखवला नव्हता. अडचण एवढीच, की म्हशीला टॅगलाइन सुचावी लागत नाही.

पण मेहुण्याचं अजून संपलं नव्हतं. आराखडा कागदावर आहे तर त्याचं काहीतरी झालं पाहिजे, म्हणून त्यानं मुद्रा कर्जाचं काढलं. 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत मिळतात, तारण लागत नाही. नवा लॅपटॉप, प्रिंटर, कंबरेला आधार देणारी खुर्ची. वयाच्या पन्नाशीला आलेल्या माणसानं शिशु गटात अर्ज करावा याचं आईला भारी कौतुक वाटलं.

बँकेनं प्रोजेक्ट रिपोर्ट मागितला. मेहुण्याची फाइल दाखवली तर म्हणाले, हे नको, रीतसर करून आणा. रीतसर करून देणारे एक सल्लागार लक्ष्मीपुरीत बसतात. त्यांच्या टेबलावर रिपोर्टांचे गठ्ठे होते, डोक्यावर पंखा गरगरत होता आणि समोर पाच माणसं. त्यांनी माझी कहाणी अर्धी ऐकली.

"धंदा कुठला म्हणाला?"

"लेखन."

"घरगुती हाय न्हवं? झालं तर. आमच्याकडं घरगुतीचा तयार असतोय." ते आतल्या मुलीला ओरडले, "अगं, पापडाचा काढ आनि ह्यांचं नाव घाल. पापड असंल तिथं लेख कर."

मुलीनं एकदाच कळ दाबली. दहा मिनिटांत चोवीस पानांचा, स्पायरल बाइंडिंग केलेला रिपोर्ट माझ्या हातात पडला. मुखपृष्ठावर माझं नाव, खाली 'लेख निर्मिती उद्योग'. मी तिथंच बाकावर बसून वाचायला लागलो.

'लेख हा महाराष्ट्रीय जेवणातील अविभाज्य घटक आहे. लग्नसराईत व सणासुदीला लेखाला विशेष मागणी असते.' इथपर्यंत मला वाटलं, कुणीतरी पहिल्यांदाच माझ्या व्यवसायाविषयी आदरानं बोलतंय. पुढं उत्पादन प्रक्रिया होती. 'पीठ चांगले मळून घ्यावे. लेख लाटताना जाडी सर्वत्र समान राहील याची दक्षता घ्यावी. लेख लाटण्यासाठी दोन महिला कामगारांची आवश्यकता राहील. लाटलेले लेख गच्चीवर स्वच्छ कापडावर पसरून वाळवावेत.' मालाचे प्रकार दिले होते : उडीद लेख, मूग लेख, तांदळाचे लेख आणि विशेष मागणीनुसार मिरी घातलेले तिखट लेख. 'उत्तम लेखाची कसोटी म्हणजे तो तळल्यावर फुलतो.' 'मोडके लेख वेगळे काढून कमी दरात विकता येतात.' हे मी वर्षानुवर्षं करत आलोय, पण कुणी असं लिहून दिलं नव्हतं.

जोखमीचं पान तर मी दोनदा वाचलं. 'पावसाळ्यात लेख सादळतो. अशा वेळी उत्पादन बंद ठेवावे लागते व खेळत्या भांडवलाची चणचण भासते.' जुलै, ऑगस्ट, पंचगंगा, मनोगत, सगळं एका ओळीत! 'कच्चा लेख ग्राहकास दिल्यास माल परत येण्याची शक्यता असते.' येते, नेहमी येते. 'उधारीवर लेख देणे टाळावे.' मामा आणि हा सल्लागार एकमेकांना ओळखतात की काय, अशी मला शंका आली. मेहुण्याच्या रंगीत फाइलमध्ये माझ्या धंद्याविषयी जेवढं खरं होतं, त्याहून जास्त या चोवीस पानांत होतं, आणि तेही मी एक शब्द न सांगता.

तरी कर्तव्य म्हणून मी सल्लागारांना म्हणालो, "ह्यात वाळवण्याचं वगैरे राहिलंय."

ते वर न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बँकेत आतलं कोण वाचत न्हाई. शेवटच्या पानावरचं आकडं आनि सही बघत्यात. पुढं कोण हाय?"

रिपोर्टचे पैसे त्यांनी आधी घेतले. सगळे. तेव्हा मला त्यांच्याविषयी खरा आदर वाटला.

बँकेत कर्ज विभागाचे साहेब मात्र आतलं वाचणारे निघाले. त्यांनी पान उलटायला बोटाला थुंकी लावली तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. ते सावकाश वाचत होते. उत्पादन प्रक्रिया वाचली, कामगार वाचले, जोखीम वाचली. मधेच एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"गच्ची सोताची हाय?"

"होय साहेब."

"ऊन येतंय?"

"दिवसभर."

त्यांनी बरोबरची खूण केली. शेवटच्या पानावरचे आकडे बघितले, आधार-पॅनच्या झेरॉक्स मोजल्या, सही कुठं करायची ते दाखवलं. मी सही करत असताना त्यांना काहीतरी आठवलं. पहिलं पान पुन्हा उघडून ते म्हणाले, "लेख... म्हंजे तुम्ही लिव्हता पण काय?"

"पणच नाही साहेब. तेवढंच करतो."

"मग झाकच की! पुढच्या आठवड्यात आमच्या शाखेचा वर्धापनदिन हाय. वरनं मोठे साहेब येणार. मला बोलायचंय. चार ओळी द्या की लिहून. जरा टच असंल अशा."

फुकट, हे त्यांनी म्हटलं नाही, पण ते त्यांच्या हसण्यात होतं. समोर माझी अर्धी सही झालेला अर्ज होता, त्यांच्या हातात शिक्का होता. आणि मला गंगावेशीतल्या त्या म्हशी दिसायला लागल्या. मी घसा साफ केला.

"देतो साहेब. फक्त आमच्याकडं पद्धत आहे. निम्मे आधी. पहिली उचल."

शेजारच्या टेबलावरची बाई टाइप करायची थांबली. साहेबांनी शिक्का खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं, मग अर्जाकडं, आणि खो खो हसायला लागले.

"अवो पाव्हणं, मग ह्यो सकाळपास्नं मी काय देतोय तुम्हाला? ५०,००० ची उचलच की! आनि ती बी फेडायची, याजासकट. करा सही."